उलटा ट्रॅक्टर : जुना लहान लोडर ओळखताना आणि उभा करताना

हैदराबादेत माती उचलणारं कुठलंही पिवळं यंत्र म्हणजे जेसीबी. मराठीत जेसीबी, तेलुगूत जेसीबी, दखनीतही जेसीबीच. पुढं बकेट असो, मागं सोंड असो, पट्ट्यावर चालणारं असो की चाकांवर, नाव एकच. ज्याला रोज माती उचलून हवी आहे त्याचं यानं काही अडत नाही. पण जुन्या यंत्राचा इतिहास लिहायला बसलं की हे एक नाव सगळं गिळून टाकतं. म्हणून आधी तेवढा गुंता सोडवतो.

जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसानं १९४५ साली इंग्लंडात युटॉक्सेटर या गावी एका भाड्याच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. पुढं बकेट आणि मागं सोंड असलेलं त्याचं यंत्र १९५३ मधलं. भारतात त्याचा कारखाना एस्कॉर्ट्स कंपनीच्या भागीदारीत बल्लभगडला १९७९ साली निघाला. म्हणजे १९७९ च्या आधी भारतात बनलेलं लोडर कोणी 'जुना जेसीबी' म्हणून दाखवत असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. आमच्या मंडळापुढं हा प्रश्न आला तो असाच. मुसीपलीकडं एका बंद पडलेल्या खडी क्रशरच्या आवारात एक लहान लोडर उभा होता. मालकाच्या घरचे त्याला 'अब्बांचा पुराना जेसीबी' म्हणत. जागा विकायची ठरली होती, कबाडी वजनावर भाव देऊन गेला होता, आणि शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवाल्याला ते रंगवून फाटकाशी उभं करायचं होतं. मंडळाला त्यांनी एवढंच विचारलं, हे नेमकं आहे काय? उत्तरावर बरंच अवलंबून होतं.

आधी थोडी वंशावळ. चाकांवरचा लोडर, म्हणजे बकेट नंतर जोडलेला ट्रॅक्टर नव्हे तर मुळातच उचलण्यासाठी बांधलेलं यंत्र, याचा मान बहुतेक अभ्यासक अमेरिकेतल्या फ्रँक हफ यांना देतात. इलिनॉयमधल्या लिबर्टीव्हिलच्या त्यांच्या कंपनीनं १९३९ साली 'एचएस' नावाचं मॉडेल काढलं. बकेट जेमतेम तिसरा हिस्सा घनयार्डाची, आणि इंजिनाची ताकद दोनच चाकांना. चारही चाकांना ताकद देणारं, हायड्रॉलिकवर चालणारं त्यांचं 'एचएम' १९४७ चं. १९५२ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरनं ही कंपनी विकत घेतली. मधोमध वाकून वळणारा, ज्याला आपले ऑपरेटर 'कंबर मोडणारा' म्हणतात, तसा पहिला लोडर १९५३ चा, मिक्सरमोबाईल कंपनीचा 'स्कूपमोबाईल'. स्वीडनमध्ये १९५४ साली व्होल्वो घराण्यातून एच-१० आला. तोही मुळात उलटा फिरवलेला ट्रॅक्टरच होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि मग मिनेसोटातल्या रॉथसे गावचे केलर बंधू, सिरिल आणि लुई. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात खांब इतके जवळजवळ होते की साधा ट्रॅक्टर आत वळत नसे. त्याच्यासाठी दोघांनी १९५७ साली तीन चाकांचा एक लहान लोडर बनवून दिला. नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीनं तो उचलला. १९६० साली चार चाकांचा एम-४०० आला, जो चाकं न वळवता, एका बाजूची चाकं रोखून जागीच फिरे. १९६२ पासून त्या घराण्याला बॉबकॅट हे नाव लागलं. आज 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की डोळ्यांपुढं येतं ते हेच. पण कॉम्पॅक्ट हा वर्ग मागाहून पाडलेला. १९५० च्या आसपास ज्याला नुसतं लोडर म्हणत, तेच आज मोठ्या यंत्रांशेजारी उभं केलं तर लहान दिसतं. आजच्या शब्दानं जुनं यंत्र शोधायला गेलं की कॅटलॉगात ते सापडतच नाही, हा अनुभव आमच्यातल्या तिघाचौघांना आला.

ब्रिटनमध्ये या काळात एक वेगळीच पद्धत होती, आणि भारतासाठी तीच जास्त महत्त्वाची. तिथले वेदरिल, चेससाइड, ब्रे, म्युअर-हिल असे कारखाने इंजिन-गिअरबॉक्स स्वतः बनवत बसत नसत. फोर्डच्या डॅगनमच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टरचा गाभा, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल असं एकसंध धड, ते विकत घेत. मग ते उलटं फिरवायचं. ट्रॅक्टरची मोठी मागची चाकं आता पुढं, बकेटखाली. लहान चाकं मागं, वळायला. रेडिएटर ड्रायव्हरच्या पाठीशी. क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवलं की पुढचे गिअर पुढंच चालतात. त्यावर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये कापून-जोडून केलेली लोखंडी चौकट आणि बाहू. वजन बकेटखालच्या चाकांवर पडल्यानं पकडही चांगली. स्वस्त आणि झटपट काम.

भारतात अशी यंत्रं थोडीच आली, आणि उशिरा आली. कारण काही गूढ नाही. इथं माती उचलायला माणूस स्वस्त होता. नागार्जुनसागरचा पाया १० डिसेंबर १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते बसला, आणि ते मुख्य धरण दगडी बांधकामाचं, मुख्यतः हातांनी उभं केलेलं. हजारो मजूर डोक्यावर दगड घेऊन चढत होते. पालमूरची, म्हणजे महबूबनगर जिल्ह्याची माणसं तेव्हाही देशभर धरणांवर, कालव्यांवर जात. 'पालमूर लेबर' हा शब्द ठेकेदारांच्या हिशेबाच्या वहीतला होता. आमच्या बाजूचे वडारही हेच काम करत आलेले. लोडरच्या इतिहासात ही माणसं येत नाहीत, कारण तो इतिहास कंपन्यांनी लिहिला. एक गणित करून पाहिलं. या यंत्राची बकेट मोजली तर साधारण पाऊण घनयार्ड, म्हणजे ०.५७ घनमीटर. सुट्या मातीचं वजन घनमीटरला दीड टन धरलं तर साडेआठशे किलोच्या वर. एक घमेलं वीस-बावीस किलोचं. म्हणजे एक बकेट चाळीस घमेली. कोणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरलं आणि कोणाची तरी रोजीही गेली. दोन्ही खरं आहे.

देशी लोडर नंतरचे. भारत अर्थ मूव्हर्स १९६४ मधली, हिंदुस्थान मोटर्सचा तिरुवल्लूरचा कारखाना १९७१ चा. त्यांचा 'हिंदुस्थान २०२१' हा लोडर अनेकांनी पाहिला असेल. तो कारखाना २००० साली कॅटरपिलरनं घेतला. त्यामुळं आपल्याकडं त्याहून जुना चाकांचा लोडर दिसला, तर तो बाहेरून आलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आता आमच्या यंत्राकडं येतो. नावाची पट्टी नव्हती. तिच्या जागी चार रिव्हेटची भोकं होती. कागद नव्हते. साइटवरची यंत्रं ट्रकवर चढवून नेली जात, पुष्कळदा आरटीओत त्यांची नोंदच होत नसे. बसला, लॉरीला निदान आरसी बुक असतं. याचं रेशनकार्डसुद्धा नाही, असं आमच्यातला एक जण म्हणाला. टायर नवे, म्हणजे साक्षीला निरुपयोगी. वरचा रंग पिवळा, तोही दोन थरांचा.

जामबाग आणि पुतलीबौली हा भाग आज बाहेरच्यांना स्पेअर पार्टच्या दुकानांसाठी माहीत आहे. मराठी माणसाला विवेक वर्धिनीमुळं. केशवराव कोरटकरांच्या पुढाकारानं १९०७ साली सुरू झालेली ही शाळा आपल्या पिढ्यांची ओळख आहे. पण त्याच गल्ल्यांत दुकानाच्या काउंटरवर पन्नास-पन्नास वर्षं उभी राहिलेली माणसंही आहेत, त्यांची नोंद आपण फारशी घेतलेली नाही. अशाच एका निवृत्त उस्तादांना आम्ही आवारात घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, काठीनं पुढच्या ॲक्सलवर टकटक केलं आणि म्हणाले, "मियाँ, ये लोडर काहे का? ये तो उल्टा ट्रॅक्टर है."

मी म्हटलं, "उस्ताद, कशावरून?" तर म्हणाले, "पंखा पीछे, बड़ा पहिया आगे. और ये हौसिंग देखो, ये ट्रॅक्टर का पेट है." एवढ्या एका वाक्यानं आमचे दोन महिने वाचले.

पोटाखाली सरपटत जाऊन वायरब्रशनं घासलं. गिअरबॉक्सच्या कास्टिंगवर उठावाची अक्षरं निघाली, 'ई-वन-ए' नं सुरू होणारा क्रमांक. फोर्डसनच्या 'न्यू मेजर' घराण्याची ही खूण. त्याआधीच्या मॉडेलवर ती नसते. न्यू मेजर १९५१ च्या अखेरीस बाजारात आला आणि त्या घराण्याचं उत्पादन १९६४ साली थांबलं. त्यातही १९६० च्या सुपर मेजरपासून डिफरन्शियल लॉक आलं. या धडाला ते नाही, त्याच्या पेडलची जागाही नाही. म्हणजे गाभा १९५१ ते १९६० च्या दरम्यानचा. घासताना एका कोपऱ्यात, जिथं कुठल्याच पेंटरचा ब्रश पोचला नव्हता, निळा रंगही दिसला. न्यू मेजरचा रंग निळाच.

पण मला खरी मजा वाटली ती आट्यांत. जुन्या यंत्रावर हात घालणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अर्ध्या इंची बोल्टला इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीत एका इंचात १२ आटे असतात, अमेरिकन पद्धतीत १३. बाकीच्या बहुतेक मापांत दोन्हींची संख्या सारखीच, त्यामुळं फरक कळत नाही. नेमकं अर्ध्या इंचावर पितळ उघडं पडतं. आट्यांचा कोनही वेगळा, व्हिटवर्थचा ५५ अंश आणि अमेरिकन ६० अंश. पुढं १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून जी एकच पद्धत ठरवली, तीही ६० अंशांची आणि अर्ध्या इंचाला १३ आट्यांचीच. चुकीचा बोल्ट दोन-तीन वेढे आत जातो, मग अडतो, आणि पान्यानं जोर केला की कास्टिंगचे आटे कायमचे जातात. म्हणून चार रुपयांची गेजपट्टी खिशात असावी. आणि मोजायचे ते बोल्टचे नव्हे, कास्टिंगमधल्या भोकाचे आटे. बोल्ट दहा वेळा बदललेला असतो, भोक तेच राहतं.

आम्ही मोजलं. ट्रॅक्टरच्या धडावर अर्ध्या इंचाला १३. फोर्ड इंग्लंडात बनत असला तरी मूळ अमेरिकन घराणं, आटे अमेरिकन वळणाचे. पुढच्या चौकटीवर, बाहूंच्या ब्रॅकेटवर, अर्ध्या इंचाला १२. शुद्ध व्हिटवर्थ. एकाच यंत्रावर दोन जातींचे आटे म्हणजे दोन वेगळी वर्कशॉपं. डॅगनमचं धड आणि कुठल्यातरी इंग्रजी लोडरवाल्याची चौकट. वर सांगितलेली ब्रिटिश पद्धत इथं लोखंडात लिहिलेली सापडली. बकेट झुकवायला वेगळा सिलिंडर नव्हता. कडी सोडली की ती स्वतःच्या वजनानं उलटायची. हेही त्या काळाशी जुळतं. मात्र वेदरिल की चेससाइड की आणखी कोणी, असं एक नाव लावण्याइतका पुरावा यंत्रावर उरलेला नाही, आणि ते लावायचं नाही असं आम्ही ठरवलं.

तिसरे आटे इंजिनापाशी निघाले. इंजिन फोर्डसनचं नव्हतंच. ते मद्रासच्या सिम्पसनचं, पर्किन्स घराण्यातलं. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मध्ये पाऊण इंच जाड लोखंडी प्लेट घातलेली. गॅस कटरनं कापलेली, कडा ग्राइंडरनं मारलेल्या, भोकं हातानं आखून पाडलेली. आणि त्या प्लेटला आरपार टॅप केलेली भोकं १२ मिलिमीटरची, पाऊणे-दोनच्या पिचची. मेट्रिक. आपल्याकडं वजनमापांचा कायदा १९५६ चा, मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, आणि वर्कशॉपात टॅप-डायपर्यंत उतरायला त्याहून वेळ लागला. म्हणजे ही प्लेट इंग्लंडातली नव्हे, आणि फार जुनीही नव्हे. उस्तादांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ये अपने इधर का हाथ है." त्यांना कोणाचा हात असेल तेही माहीत असावं, पण नाव घेतलं नाही.

का बसवलं असेल वेगळं इंजिन? १९५७-५८ साली परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीचे परवाने आवळले गेले. फोर्डसनचा क्रँक किंवा लायनर मागवायचा तर परवाना, कोटा, महिनोन्महिने वाट. सिम्पसनचं इंजिन आणि त्याचे पार्ट मात्र मद्रासहून मिळत, पुढं आपल्याच दुकानांत मिळू लागले. मालकानं आणि मिस्त्रीनं मिळून देशाच्या आयात धोरणाला दिलेलं उत्तर म्हणजे ती प्लेट.

इथं मंडळात खरा वाद झाला. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, की यंत्र उभं करायचं तर नीट करा. इंग्लंडात फोर्डसनची जुनी इंजिनं आजही मिळतात, एक मागवू, प्लेट काढून टाकू, निळा रंग देऊ. दुसऱ्या बाजूनं फार्महाऊसवाल्याचा आग्रह पिवळ्या चकचकीत जेसीबीचा. मला दोन्ही मान्य नव्हतं, आणि मी ते बैठकीत जोरात बोललो. पिवळं करून जेसीबी म्हणणं हे सरळ खोटं. पण डॅगनमहून निघालं तसं करणं हेही निम्मं खोटंच, कारण त्यात हैदराबाद पुसलं जातं. हे यंत्र इंग्लंडात किती दिवस राहिलं असेल? बांधून बोटीवर चढेपर्यंत. बाकी सगळं आयुष्य या दख्खनच्या दगडात गेलं. त्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावा, कागद नसताना, ती वेडीवाकडी प्लेट आहे.

सरकारी नियमही इथं आपल्या बाजूला नाही, हे सांगितलं पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची दुचाकी आणि चारचाकी, खासगी वापराची, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावं, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. श्रीमंताच्या गॅरेजमधली ब्युइक यात बसते. कामाचं यंत्र बसत नाही, कारण ते खासगी वापराचं नव्हतं. आणि तेवढं सोडलं तरी अट आडवी येते, कारण आपल्या देशात कामाचं यंत्र पन्नास वर्षं जगलं ते फेरबदलामुळंच जगलं. न बदललेली कधीच कबाडात गेली. या व्याख्येनं पाहिलं तर आपल्याकडं जतन करण्यासारखं कामाचं यंत्रच उरत नाही.

याच मोहल्ल्याला लागून याचं एक मोठं उदाहरण आहे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागानं जून १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांवर सेवा सुरू केली. त्यातल्या अल्बियन बस ग्लासगोच्या. त्या काळातली एक अल्बियन आरटीसीनं जपून ठेवली, मुशीराबादच्या बस भवनात ती लोकांनी पाहिली आहे. रंगरंगोटी केलेली, देखणी. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या छपराखालून या बस निघत, ते गौलीगुड्याचं लोखंडी हँगर, मुळात विमानासाठी १९३० मध्ये उभं केलेलं, ज्याला लोक मिसिसिपी म्हणत, ते ५ जुलै २०१८ ला कोसळलं. धोका ओळखून बस आधीच हलवल्या होत्या, त्यामुळं कोणाला इजा झाली नाही. जामबागेतून चालत दहा मिनिटांवर. आमच्या पिढीनं औरंगाबादच्या, नांदेडच्या बस तिथूनच धरल्या. बस वाचली, कारण ती रंगवून उभी करता येते. छप्पर गेलं, कारण त्याला रोजची देखभाल लागत होती. जतन म्हणजे नुसता फोटो काढण्याजोगा नग ठेवणं, ही समजूत मला तेव्हापासून खटकते.

असो. वाद मिटला तो थोडा पैशामुळं आणि थोडा उस्तादांमुळं. इंग्लंडहून इंजिन आणण्याचा खर्च निघाल्यावर पहिला पक्ष आपोआप नरमला. मालकाच्या मुलीनं सगळे मोजमापाचे कागद पाहिले, अब्बांनी ती प्लेट कधी बसवली असेल याचा घरात शोध घेतला, आणि फार्महाऊसवाल्याला नाही म्हणून कळवलं. यंत्र तिच्या भावाच्या शेडमध्ये हलवलं. ठरलं असं : जे धोक्याचं आहे ते बदलायचं, जे इतिहासाचं आहे ते ठेवायचं, आणि बदललेल्या प्रत्येक भागावर तारीख ठोकायची.

धोक्याचं काय, तेही लिहून ठेवतो, कारण जुना लोडर विकत घेऊन तरुण पोरं परस्पर सुरू करून बघतात. या पिढीतल्या कित्येक लोडरांचे बाहू ड्रायव्हरच्या दोन्ही कोपरांजवळून वर जातात. छप्पर नाही, पिंजरा नाही. हात बाहेर काढला की गेला. बाहू वर असताना नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, लाकडी ठोकळे किंवा लोखंडी टेकू लावल्याशिवाय नाहीच. जुनी रबरी नळी वरून धडधाकट दिसते आणि दाबाखाली फुटते, म्हणून नळ्या सगळ्या नव्या. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते हवेनं फुंकून साफ करायचं नाही, ओलं करून पुसायचं. जुन्या रंगात शिसं असतं. सँडब्लास्टिंग आम्ही टाळलंच. शिवाय त्यानं थर जातात आणि थर म्हणजे आपली कागदपत्रं.

इंजिनात डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून आठवडाभर मुरवलं, मग स्टार्टर न लावता पान्यानं हातानं फिरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी हललं. टाकीतून तळाला साचलेली वाटीभर काळी राळ निघाली. बाहूंच्या सिलिंडरमध्ये चामड्याचे वॉशर होते, वाळून बिस्किटासारखे झालेले. राणीगंजच्या एका दुकानात त्या मापाचे पॉलियुरेथेनचे सील लेथवर कातून दिले. चामड्याचा एक जुना वॉशर डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवला. बेअरिंग शोधताना उस्तादांची दुसरी युक्ती कामाला आली : नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचनं गुणा, आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०८ म्हणजे ४० मिलिमीटर. ०४ पासून पुढं हे लागू पडतं. पुतलीबौलीच्या पोरांना हे आजही तोंडपाठ आहे, पण का ते कोणी शिकवलेलं नाही.

बाहूंच्या पिना झिजून अंडाकार झाल्या होत्या. त्या नव्या कातल्या, बुश नवे बसवले. चौकटीवरचे १२ आट्यांचे बोल्ट बाजारात मिळेनात, तेव्हा मेट्रिक बोल्ट बसवण्यासाठी भोकं मोठी करू, असं लेथवाला म्हणाला. त्याला थांबवलं. आठ बोल्ट व्हिटवर्थ आट्यांचे मुद्दाम कातून घेतले. पैसे जास्त गेले. प्लेटवरचे मेट्रिक बोल्ट मात्र मेट्रिकच ठेवले. आता कोणी पन्नास वर्षांनी गेजपट्टी लावली तर त्यालाही तीन जातींचे आटे मिळतील.

रंग दिलेला नाही. वरचा पिवळा धुऊन, तेलाचा पातळ हात मारून ठेवला आहे. गिअरबॉक्सच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा उघडी ठेवली आहे, तिथं पिवळ्याखाली पिवळा आणि त्याखाली निळा दिसतो. समोर लावायच्या पाटीचा मजकूर मंडळानं असा मंजूर केला : 'चाकांचा लोडर. गाभा फोर्डसन न्यू मेजर, डॅगनम, १९५१ ते १९६०. चौकट आणि बाहू ब्रिटिश. इंजिन सिम्पसन, मद्रास. जोडपट्टी हैदराबाद.' पाटी मराठी, तेलुगू आणि उर्दूत राहील. 'जेसीबी' हा शब्द तिन्हींत नाही, याला मालकाच्या मुलीनं थोडी हरकत घेतली, कारण अब्बा तसंच म्हणत. म्हणून खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली आहे : 'घरात याला जेसीबी म्हणत.'

हायड्रॉलिक पंपाच्या शाफ्टचं काम अजून बाकी आहे. ते झाल्यावर बाहू पहिल्यांदा उचलू तेव्हा उस्तादांना आणायचं ठरलं आहे.